आत्यांचे तीन दिवस : डायलिसिसच्या घरातून सुट्टी काढल्याचं एक प्रकरण

रोज सकाळी उठल्या उठल्या आत्या मामांच्या डाव्या मनगटाच्या वर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटावं, स्तोत्र म्हणतायत. त्या थरथर बघत असतात. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रिया करून जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथून रक्त जोरात वाहतं, म्हणून वर हात ठेवला की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. थरथर लागली तर रस्ता चालू. नाही लागली तर गुठळी, आणि मग एकेक तास मोलाचा.

मामा म्हणजे माझे सासरे, वय ७१. आत्या म्हणजे सासूबाई, वय ६४. आमच्या सोलापुरात असंच म्हणतात. मामांनी आयुष्य चादरीच्या कारखान्यात घालवलं, मागावर आणि नंतर जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारा, म्हणून. वीस वर्षांच्या मधुमेहानं मूत्रपिंडं गेली. दोन वर्षांपासून सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातची पाळी, चार तास मशीनवर. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. हिशेबाची सवय असल्यामुळे हे सगळं वहीत तारखेनिशी उतरलेलं आहे, त्यावरूनच लिहिते आहे.

आत्यांना तीन दिवस गोव्याला पाठवायला आम्हाला चार महिने लागले. एकदा बेत मोडला, पैसे बुडाले, घरात भांडणं झाली. तरीही आजारी माणसाच्या घरात सुट्टीचा विषय काढणं हा गुन्हा नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. मामांचा आजार बरा होऊन मग आत्या मोकळ्या होतील, असा दिवस येणार नाही. डायलिसिस आयुष्यभराचा. म्हणजे सुट्टी घ्यायची तर याच आजाराच्या मधोमध, त्याच्या वेळापत्रकात जागा करूनच घ्यावी लागणार.

सुरुवात

श्रावणातल्या एका गुरुवारी डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर आत्यांना भोवळ आली. रक्तदाब वाढला होता. तिथल्या सिस्टरनं गोळी दिली, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आजी, घराबाहेर झोपायला शेवटचं कधी गेला होतात?" आत्यांना आठवेना. मी हिशेब केला, मामांचं पहिलं डायलिसिस झालं त्याच्याही आधीचं अक्कलकोटच्या मावशींकडचं लग्न. दोन वर्षं आणि चार महिने.

आत्यांचं काम बाहेरून दिसत नाही. मामांना दिवसाला सगळं मिळून एक लिटर पातळ चालतं. त्यात चहा, ताक, वरण, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. आत्या सकाळी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवतात. मामांनी अर्धा कप चहा घेतला की बाटलीतलं तेवढंच पाणी तुळशीला. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं पिणं संपलं. भाजी चिरून भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. डायलिसिसच्या दिवशी इन्सुलिन किती, इतर दिवशी किती, हे वेगळं. रक्तवाढीचं इंजेक्शन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. त्यातून सोलापूरचं पाणी. नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी रात्री दोनला, कधी पहाटे. त्या वेळी उठून टाकी, पिंप, हंडे भरणं हेही आत्यांकडेच. उजनी धरण भरून वाहत असलं तरी आमच्या गल्लीचा नळ त्याच्या पाळीनंच येतो. मामा ज्या मशीनवर झोपतात ते एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी वापरतं, आणि घरी त्यांना एका लिटरवर राहायचं असतं. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा हे बघवत नाही.

मी त्या संध्याकाळी विचारलं, "आत्या, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" आधी त्या म्हणाल्या, "मला कुठं जायचंय? कशाला विचारायलीस?" मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विमानात बसून समुद्र बघावा म्हणते एकदा." होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आमच्या भागात घरोघरी तोच विषय होता. त्याआधी दोन वर्षं, विमानांना अडथळा होते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गावात केवढं वादळ झालं होतं. आत्या गच्चीवर वाळवण घालताना विमान गेलं की हातातलं काम थांबवून बघत, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

कडक भाकरीच्या ऑर्डरी घेऊन त्यांनी स्टीलच्या डब्यात अकरा हजार साठवले होते. ते त्यांनी माझ्यासमोर ओतले.

दिवाळीचा बेत आणि धनत्रयोदशी

पहिला बेत असा होता : भाऊबीज गुरुवारी, त्या दिवशी मामांचं डायलिसिस, शुक्रवारी विमान, रविवारी परत, सोमवारी पुन्हा डायलिसिस. बरोबर अक्कलकोटची मावशी. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून लवकर काढली. ही चूक होती. स्वस्त तिकीट रद्द केलं की हातात फारसं काही परत येत नाही, आणि डायलिसिसच्या घरात दोन महिन्यांनंतरचा दिवस कसा असेल हे कुणी सांगू शकत नाही.

धनत्रयोदशीला पहाटे आत्यांनी हात ठेवला आणि थरथर नव्हती.

गुरुवारच्या डायलिसिसमध्ये मामांचा रक्तदाब फार खाली गेला होता. त्यामुळं गुठळी होऊ शकते, हे आम्हाला नंतर कळलं. फिस्टुला वाचवायचा तर एक-दोन दिवसांत गुठळी काढायला हवी. डायलिसिस आणि फिस्टुलाची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते, आणि मामांचं नेहमीचं डायलिसिस त्याच योजनेत चालू आहे. पण योजनेतल्या ज्या रुग्णालयात आम्ही धावलो तिथं रक्तवाहिन्यांचे सर्जन दिवाळीला गावी गेलेले. दुसरीकडे फोन केला, तिथं मंगळवारी बघू म्हणाले. शेवटी माझ्या नवऱ्याच्या कंपनीच्या सामूहिक विम्यावर एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. त्या रात्री मानेतून तात्पुरती नळी घालून डायलिसिस झालं, रविवारी गुठळी काढली. संध्याकाळी आत्यांनी हात ठेवला आणि पहिल्यांदा रडल्या.

विमानाची तिकिटं रद्द केली. दोघींचे मिळून ६,८०० रुपये गेले. आत्या म्हणाल्या, "देवानंच सांगितलं, जाऊ नको." हे वाक्य पुढचा महिनाभर घरात फिरत राहिलं. मला ते पटलं नाही. देव गुठळीतून बोलत नाही. पण त्या वेळी मी गप्प बसले, कारण त्यांना तसं मानण्यात आधार मिळत होता.

पाडव्याचा दिवस

रुग्णालयातून सुटायला लागलेला वेळ मी सविस्तर लिहिते, कारण असा दिवस बहुतेकांच्या वाट्याला येतो आणि आपण फक्त चिडून घरी येतो.

पाडव्याला सकाळी अकराला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. आत्यांनी पहाटेच उटणं, तेल, निरांजन काढून ठेवलं होतं. विमा कक्षात विचारलं तर "कंपनीची मंजुरी यायचीय." दुपारी दोनला तेच. चारला तेच. विमा नियामक प्राधिकरणाचा २०२४ चा नियम असा आहे की कॅशलेस दाव्यात रुग्णालयाची सुटकेची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळं रुग्णालयानं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा. मला हा नियम माहीत होता. मी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून तोच वाचून दाखवला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे अंतिम बिल आलेलंच नाही."

बिल पाठवलं गेलं सव्वापाचला. सकाळी अकरापासून आम्ही ज्या मंजुरीची वाट बघत होतो, तिची मागणीच झालेली नव्हती. औषध दुकानाचा एक परतावा जमा व्हायचा राहिला होता म्हणून फाईल एका टेबलावर पडून होती, आणि दिवाळीमुळं त्या टेबलावर माणूस एकच. मंजुरी आली रात्री आठ चाळीसला. हातमोजे, ड्रेसिंगचं सामान असल्या गोष्टींचे ४,१०० रुपये विम्यात बसत नाहीत म्हणून आम्ही भरले. साडेनऊला घरी. आत्यांनी ओवाळलं, पण मामांचे डोळे मिटत होते.

त्या टेबलावरच्या मुलाचा मला राग आला होता, अजूनही आठवला की येतो. पण रागापेक्षा उपयोगाचं असं की आता डॉक्टरांनी सुट्टी सांगितली की आम्ही एकच प्रश्न विचारतो : अंतिम बिल कंपनीला किती वाजता पाठवलं? ती वेळ कागदावर लिहून घेतो. तीन तास तिथून मोजायचे असतात. आधी टेबलं हलवायची, मग फोन.

दुसरा वैताग कार्डाचा. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. मामांचं का निघत नाही, तर आधारवर त्यांचं वय ६८! कारखान्यात कुणीतरी अंदाजानं लिहिलेली जन्मतारीख आधारपर्यंत पोहोचली होती. या कार्डासाठी आधारवरचंच वय धरतात. शाळा सोडल्याचा दाखला काढायला नवरा दोनदा मामांच्या गावी मंगळवेढ्याला गेला. पहिल्या खेपेला ज्यांची सही हवी ते रजेवर. हे काम आजारपणाच्या आधी, धडधाकट असताना करून ठेवायचं असतं. ज्यांच्या घरी साठी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी आज संध्याकाळीच आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नाव आणि तारीख ताडून बघावी. माझी ही कळकळीची विनंती आहे.

मामांना न्यायचं का?

नोव्हेंबरात मी विषय पुन्हा काढला, तेव्हा घराचे तीन तट पडले.

बार्शीहून नणंदबाईंचा फोन : "बाबा मरणाच्या दारातून आलेत आणि आईला गोवा सुचतोच कसा?" खरं म्हणजे आईला सुचलं नव्हतं, मलाच सुचलं होतं. तसं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, जायचंच तर बाबांना घेऊन सगळेच जाऊ. नवऱ्यालाही ते पटलं. मामांनाही. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी जुनी प्रवासी बॅग माळ्यावरून काढायला सांगितली.

हा सगळ्यात अवघड भाग होता. मामांना नेणं अशक्य नव्हतं. दुसऱ्या गावी डायलिसिस घेता येतं. तिथल्या सेंटरला आधी कळवायचं, अलीकडचे कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचे रिपोर्ट द्यायचे, मागच्या काही डायलिसिसच्या नोंदी, कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं वजन), रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनची मात्रा असं सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आम्ही गोव्यातल्या एका सेंटरला विचारलंही, त्यांनी जागा देऊ केली. डॉक्टर मात्र म्हणाले, मानेतली नळी नुकतीच काढलीय, फिस्टुला पुन्हा रुळतोय, महिना-दोन महिने हात सांभाळा. ओळखीच्या हातांनी सुया टोचू देत.

डॉक्टरांचं कारण पुरेसं होतं, आणि मी त्याच्या आड लपू शकले असते. पण माझं खरं कारण निराळं होतं, आणि ते मामांना सांगायला हवं असं मला वाटलं. एका रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ बसले. म्हटलं, "मामा, तुम्ही आलात तर आत्यांचं स्वयंपाकघर तेवढं बदलेल. बाटली तीच, गोळ्या त्याच, रात्री उठणं तेच. समुद्राकडे त्या पाठ करूनच बसतील."

मामा बराच वेळ हातावरच्या फिस्टुलाला चाचपत राहिले. मग म्हणाले, "मागावर असताना आम्हाला आठवड्याची सुट्टी होती. हिला नव्हती." थोड्या वेळानं, "बॅग वर ठिव." त्यांना वाईट वाटलं होतं. मी ते पुसून काढायचा प्रयत्न केला नाही. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) त्यांना न्यायचं, असं मी त्याच वेळी कबूल केलं.

नणंदबाईंना मी एवढंच म्हटलं, "वन्सं, तुमची काळजी रास्त आहे. शनिवार-रविवार तुम्ही इथं राहा." लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी फोन आला, येते म्हणून.

दुसरा बेत

डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली जी पहिल्या बेतात आम्ही पाहिलीच नव्हती. सोमवार-गुरुवार असं डायलिसिस असेल तर गुरुवार ते सोमवार हे लांबचं अंतर. शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठतं ते याच दिवसांत. आणि आम्ही नेमकं याच दिवसांत आत्यांना घराबाहेर पाठवणार होतो! सोय म्हणून शुक्रवार ते रविवार धरलं होतं, आणि धोकाही तिथंच होता. डॉक्टरांनी तोडगा दिला : त्या आठवड्यात शनिवारी एक जादा डायलिसिस. सेंटरवाले म्हणाले, शनिवारी मशीन मोकळं नाही. मी आठ दिवस रोज जाऊन विचारलं. मग एका पेशंटची मुलगी म्हणाली, आम्ही त्या शनिवारी पंढरपूरला जातोय, आमची पाळी तुम्ही घ्या. सेंटरनं ते मान्य केलं. जादा डायलिसिसचे पैसे आम्ही खिशातून भरले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

तारीख ठरली डिसेंबरातल्या शुक्रवारची. आत्यांची अट होती, भोगीच्या आधी परत यायचं, बाजरीची भाकरी आणि यण्णीमज्जनाच्या, म्हणजे यात्रेतल्या तैलाभिषेकाच्या, दिवशीचं घरचं सगळं त्यांनाच करायचं होतं. या वेळी हॉटेल असं घेतलं की आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तर पैसे परत. विमानाची तिकिटं दहा दिवस आधी काढली, महाग पडली, पण मनाला घोर नव्हता. रस्त्याचाही विचार केला होता. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, कोल्हापूरमार्गे कोकणात पोचता आलं असतं. पण जाण्यायेण्यात दीड दिवस मोडला असता, आणि आत्यांना विमान हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती स्वस्तातली करून देणं मला बरं वाटलं नाही.

आत्यांचा कागद

आठ दिवस मी आत्यांच्या मागं वही घेऊन फिरले. त्या जे करतात ते लिहिलं. त्या सांगायच्या, "ह्यात काय लिहायचंय?" आणि मग जाता जाता असं काही सांगायच्या की जे कुणालाच माहीत नव्हतं. मामा चोरून पाणी पितात ते दात घासताना. डायलिसिसहून आल्यावर पहिला तासभर त्यांना एकट्यानं संडासला जाऊ द्यायचं नाही, डोळ्यापुढं अंधारी येते. डाव्या हातावर डोकं ठेवून झोपले तर हलकेच हात सोडवायचा. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा लावायचा नाही, पिशवी अडकवायची नाही, घड्याळ नाही. घाम येऊन बडबडायला लागले तर आधी साखर, मग फोन.

वहीची नऊ पानं भरली. मग मी ती दोन कागदांवर आणली. एकावर घड्याळाप्रमाणे दिवस. दुसऱ्यावर "काय झालं तर कुणाला फोन" : थरथर गेली, दम लागला, छातीत दुखलं, सुईच्या जागेतून रक्त थांबेना. प्रत्येकासमोर एकच क्रमांक, दोन नाहीत, कारण घाबरलेल्या माणसाला निवड करता येत नाही. योजनेचं कार्ड, विम्याचं कार्ड, आधार, शेवटचे रिपोर्ट हे एका निळ्या फाईलमध्ये, देव्हाऱ्याखालच्या कपाटात.

माणसं अशी वाटली : शुक्रवारी नवऱ्याची रजा, रात्री नर्सिंग ब्यूरोतला मदतनीस. शुक्रवारच्याच संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं धाकटे दीर पुण्याहून येणार, शनिवारचं डायलिसिस त्यांच्याकडे. शनिवार दुपारपासून नणंदबाई. सकाळची थरथर माझ्याकडे. हे काम मला आत्यांनी स्वतः दिलं. चार दिवस आधीपासून त्या माझा हात धरून मामांच्या हातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "लागली?"

तीन दिवस

शुक्रवारी आत्या नवी इरकल नेसून विमानतळावर गेल्या. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. गोव्यात खायला मिळेल हे त्यांना पटलंच नव्हतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळं मावशीही तयारीनिशी आलेली. साधारण तासाभराचा प्रवास. उतरल्यावर फोन, पहिला शब्द : "थरथर?"

मी तो फोन घेतला आणि सांगितलं, रोज सकाळी मीच करीन, तुम्ही करू नका. शनिवारी त्यांनी पाळलं. रविवारी मी फोन केला तर मावशीनं उचलला, म्हणाली, झोपलीय, उठवू का? साडेआठ वाजले होते. मी नको म्हटलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला भरून आलं.

इकडे सगळं सरळ गेलं नाही. शनिवारी पहाटे साडेतीनला नळ आला. ती पाळी कागदावर लिहिलेली होती, पण एक दिवस आधी आली. दीर रात्री अकराला आलेले, त्यांना उठवून पिंपं भरली. जादा डायलिसिस नीट झालं, दोन लिटर पाणी काढलं. रविवारी दुपारी नणंदबाईंनी बाबांना आवडते म्हणून मेथीचं वरण केलं. मेथी न उकळता, थेट डाळीत. मामा दोन वाट्या जेवले. कागदावर भाजी उकळायची होती, पण नणंदबाईंच्या लेखी मेथीचं वरण ही भाजी नव्हती, वरण होतं. चूक कागदाची. आता तिथं "वरणात घालायची पालेभाजीसुद्धा" असं लिहिलं आहे.

सोमवारी सकाळी मामांचं पोटॅशियम ५.९ निघालं, म्हणजे जास्तच. डॉक्टर रागावले, मग म्हणाले, शनिवारचं डायलिसिस झालेलं म्हणून एवढ्यावर निभावलं. वजन दोन किलो चारशे ग्रॅम वाढलेलं, ते आत्या घरी असतानाही कधी कधी वाढतं.

नणंदबाई निघताना दारात थांबल्या. त्यांनी आईविषयी काही म्हटलं नाही. विचारलं, "पुढच्या वेळी कधी पाठवायचंय? मला आधी सांग, सुट्टी टाकते."

खर्च असा झाला. दोघींचं विमान १४,०००, दोन रात्रींची खोली ७,०००, जेवण आणि गाड्या ६,०००, मदतनीस २,४००, जादा डायलिसिस १,९००. एकूण ३१,३००. दिवाळीत बुडालेले ६,८०० धरले तर ३८,१००. आत्यांचे अकरा हजार, मावशींनी आपला वाटा म्हणून दिलेले दहा हजार, बाकीचे आम्ही आणि दीर. मदतनीस आणि जादा डायलिसिस हे मी सहलीच्या खर्चात धरले यावर नवऱ्यानं विचारलं, हा तर आजाराचा खर्च ना? मी म्हटलं, उलटं करू या. सगळाच आजाराच्या खात्यात टाकू. जानेवारीपासून आमच्या घरात औषधांच्या पैशांबरोबर दर महिन्याला दीड हजार वेगळे निघतात, पाकिटावर "आत्या" लिहिलेलं आहे.

गोव्यात त्यांनी काय पाहिलं, असं गल्लीत सगळ्या विचारायच्या. एक देऊळ, एक किनारा, बस. मावशी सांगते, दोन्ही दिवस संध्याकाळी आत्या वाळूत बसल्या त्या उठायचं नाव घेईनात. पाण्यात पाय घातले नाहीत. खोलीत सकाळी चहा आणून देणाऱ्या पोराला त्यांनी दोन्ही दिवस विचारलं, तू चहा घेतलास का?

आत्या रविवारी संध्याकाळी घरी आल्या. पिशवीतल्या निम्म्या भाकरी तशाच परत आल्या होत्या. मामांसाठी त्यांनी एक शंख आणला होता. मामांनी तो कानाला लावला, बराच वेळ ऐकत राहिले. आत्या हातपाय धुऊन आल्या, खाटेवर बसल्या आणि त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर तळहात ठेवला.

गड्ड्याला आम्ही मामांना नेलं. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं, चाकांची खुर्ची घेतली, गर्दीच्या आत न जाता लांबूनच मिरवणुकीतले उंच नंदीध्वज दिसतील अशी जागा नवऱ्यानं आदल्या दिवशी बघून ठेवली होती. अक्षता पडल्या तेव्हा मामांनी उजवा हात वर केला. डावा आत्यांच्या हातात होता.